कठीण काळानंतर मित्रांसोबतचा साधा दिवस: खरे समाधान की आटलेल्या अपेक्षा?

पायवाट

दीर्घ आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू, गेलेली नोकरी किंवा मोडलेला संसार, यांपैकी काहीही वाट्याला येऊन गेले की भोवतालची माणसे बहुधा एकच सल्ला देतात: कुठेतरी लांब जाऊन या, चार दिवस सगळे विसरा. त्यामागची आपुलकी खरी असते, म्हणून त्याला कुणी विरोधही करत नाही. घरातले प्रदीर्घ आजारपण संपल्यानंतर मला मात्र ज्याने सावरले, ते लांबचे प्रवास नव्हते. जुन्या मित्रमैत्रिणींबरोबर सकाळी निघायचे, एखाद्या टेकडीवर किंवा नदीकाठी चालायचे, सावली सापडली की बसायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचे, असे ते अगदी बिनमहत्त्वाचे दिवस होते. त्यांच्याविषयी कुणाला सांगायला गेले तर सांगण्यासारखे काही हाती लागत नाही. तरीही त्यांतून मिळालेले समाधान टिकले. ते का टिकले, याचा विचार करताना जे सुचले आणि जे वाचनात आले, ते येथे मांडते आहे.

मोठी सहल मनाकडे काहीतरी मागते. रजा घेतलेली असते, पैसे खर्च झालेले असतात, सोबतच्यांनी खास आपल्यासाठी बेत आखलेला असतो, आणि म्हणून आपण आनंदी दिसलेच पाहिजे असे एक अबोल ओझे डोक्यावर असते. ज्याचे मन अजून पुरते सावरलेले नाही, तो मग समोरचा देखावा पाहण्याऐवजी स्वतःलाच तपासत बसतो, की आता तरी बरे वाटते आहे का. साध्या दिवसाला असे काहीच सिद्ध करायचे नसते. तो फसला तरी फारसे बिघडत नाही, कारण तसाच दुसरा दिवस पुन्हा ठरवता येतो. फसण्याची ही मुभाच त्याला हलके करते, असे माझे मत आहे.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अलिसा क्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ १५,००० प्रौढांकडून दोन गोष्टी जाणून घेतल्या: आयुष्यात कोणकोणती संकटे येऊन गेली, आणि सुखद प्रसंगांत रमण्याची, ते चवीने अनुभवण्याची त्यांची क्षमता किती आहे. ज्यांच्यावर पूर्वी अधिक संकटे येऊन गेली होती, त्यांच्यात ही क्षमता अधिक आढळली. या निष्कर्षाचा पहिला भाग सगळ्यांनाच आवडतो. दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो: जे अजूनही त्या संकटाशी झगडत होते, त्यांच्यात ती उलट कमी झालेली होती. म्हणजे दुःखातून जात असलेल्या माणसाला छोट्या गोष्टींत सुख मानायला सांगणे हे त्याच्याकडे नेमक्या आटलेल्या गोष्टीची मागणी करण्यासारखे आहे. ते जमू लागते ते झगडा मागे पडू लागल्यावर, आणि तेही हळूहळू.

त्याच वर्षी गस कूनी, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, जो सहलींचे बेत आखणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. चौघांच्या गटातील एकाला उत्तम चित्रफीत दाखवली, उरलेल्या तिघांना सुमार दर्जाची दाखवली आणि मग चौघांना गप्पा मारायला बसवले. उत्तम चित्रफीत पाहिलेल्या व्यक्तीला नंतर इतरांपेक्षा वाईट वाटत होते, कारण तिघांच्या गप्पांत तिला जागाच नव्हती. असाधारण अनुभव माणसाला वेगळा काढतो. कठीण काळाने तर माणूस आधीच वेगळा निघालेला असतो. इतरांचे संसार, नोकऱ्या, तक्रारी चालू असताना त्याचे आयुष्य भलत्याच रुळावर गेलेले असते. त्याला पुन्हा सगळ्यांसारखे असण्याची भूक असते, आणि सगळ्यांना सारखेच कंटाळवाणे ऊन, सारखीच दमछाक आणि सारखाच चुकलेला रस्ता देणारा दिवस ती भूक बऱ्यापैकी भागवतो.

आपल्यापैकी कुणाला असा अनुभव आहे का, आणि असे दिवस सुरू कसे झाले, हे वाचायला आवडेल. हे सारे मला फार गोड दिसते आहे, अशी शंका कुणाला असल्यास तीही मोकळेपणाने मांडावी.

खिडकी

लेख पटला. माझ्या बाबतीत अडचण वेगळीच होती. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर बाहेर पडले, तेव्हा कशावरून तरी मनापासून हसले आणि लगेच अपराधी वाटले. त्यानंतर बरेच दिवस मी बोलावणी टाळत होते. दुःखापेक्षा हसू पेलणे कठीण असते, हे तेव्हा कळले. याविषयी जाणकारांनी काही सांगितल्यास बरे होईल.

अर्धविराम

लेखातील अनुभव खरा आहे याविषयी मला शंका नाही, पण त्यातून काढलेल्या निष्कर्षाविषयी आहे. परिस्थितीने वारंवार मार खाल्लेला माणूस आपल्या इच्छाच लहान करून घेतो आणि मग उरलेल्यात समाधानी असल्याचे सांगतो. अमर्त्य सेन यांनी कल्याणाचे मोजमाप करताना हाच धोका दाखवला आहे: दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या अपेक्षा शक्यतेच्या मापाने कापून घेतात, त्यामुळे ती समाधानी आहेत यावरून त्यांचे बरे चालले आहे असे ठरवता येत नाही. ज्याला लांबचा प्रवास परवडत नाही, ज्याची रजा आजारपणात संपली आहे, ज्याच्या अंगात ताकद उरलेली नाही, त्याने टेकडीवरच्या सावलीत सुख मानले तर त्याचे कौतुक करावे की त्याच्यावर ही वेळ का आली असे विचारावे?

दुसरा मुद्दा असा, की संकटामुळे माणूस अधिक रसिक होतो हे वाक्य पुढे फार सैल हातांनी वापरले जाते. मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली मांडलेल्या निष्कर्षानुसार आयुष्यात काही प्रमाणात संकटे अनुभवलेल्या लोकांची मानसिक स्थिती संकटे अजिबात न अनुभवलेल्यांपेक्षा बरी होती, आणि फार जास्त संकटे अनुभवलेल्यांपेक्षाही ती चांगली होती. म्हणजे एका मर्यादेपलीकडे संकट केवळ हानीच करते. ही मर्यादा कुणाची कुठे आहे, हे बाहेरून कुणी सांगू शकत नाही. म्हणून संकटांचे आभार मानणाऱ्या लेखनापासून मी दोन हात लांब राहतो. प्रस्तुत लेख तसा नाही, हे मान्य करतो. पण त्याच्या आधारे तसे लेखन करणारे येथे लवकरच येतील.

नोंदवही

अर्धविराम, आपली भविष्यवाणी खरी करण्याचा मान मी घेतो. १९७८ सालचा फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा प्रसिद्ध अभ्यास असे दाखवतो, की लॉटरी जिंकलेले लोक आणि अपघाताने शरीर लुळे पडलेले लोक काही काळाने सारखेच सुखी होतात. माणूस सगळ्याला सरावतो. मग साध्या दिवसात सुख सापडणे हा त्या सरावाचाच भाग नाही का?

अर्धविराम

नोंदवही, हा अभ्यास असाच सांगितला जातो, पण त्यात तसे आढळलेले नाही. लॉटरी जिंकलेले २२ आणि अपघातग्रस्त २९ असे ते लहान गट होते, आणि अपघातग्रस्तांनी आपले सध्याचे सुख तुलनेसाठी घेतलेल्या सामान्य लोकांपेक्षा स्पष्टपणे कमी सांगितले होते. माणूस सगळ्याला सरावत नाही. त्या अभ्यासातली या धाग्याला उपयोगी पडणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती माझ्याच भूमिकेच्या विरुद्ध जाते हे प्रामाणिकपणे नोंदवतो: लॉटरी जिंकलेल्यांना मित्राशी गप्पा मारणे, एखादा विनोद ऐकणे, मासिक वाचणे अशा रोजच्या गोष्टींत सामान्य लोकांपेक्षा कमी आनंद मिळत होता. मोठा प्रसंग लहान प्रसंगांना फिका पाडतो, एवढे त्यावरून म्हणता येईल. पायवाट यांचा मोठ्या सहलीविषयीचा संशय त्या बाजूने जातो.

पायवाट

अर्धविराम यांच्या पहिल्या आक्षेपावर मी पुष्कळ विचार केला, कारण तो मलाही सतावत होता. समाधान कोणते आणि हार मानणे कोणते, हे त्या दिवशी संध्याकाळी आतून ओळखता येत नाही, कारण दोन्हींत मन सारखेच शांत असते. फरक दिसतो तो नंतरच्या दिवसांत. ज्याने हार मानली आहे, त्याच्या इच्छा दिवसेंदिवस कमी होत जातात. त्याला बाहेर पडायला सुचत नाही, कुणी विचारले तर कशाला असे वाटते, आणि हे न वाटणेच तो शहाणपण समजू लागतो. साध्या दिवसांनंतर माझ्या बाबतीत याच्या उलट घडले. मला पुन्हा काही हवेसे वाटू लागले. अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करावे, ज्या नातेवाइकांशी बोलणे तुटले होते त्यांना फोन करावा, आणि हो, कधीतरी लांबच्या प्रवासालाही जावे, असे वाटू लागले. ज्या शांतपणातून इच्छा परत येतात, त्याला आटलेल्या अपेक्षा म्हणणे मला अवघड जाते.

परवडण्याच्या मुद्द्याविषयी मात्र आपण म्हणता ते बरोबर आहे. कुणावर साधेपणाची सक्ती असताना त्याला साधेपणाचे गोडवे सांगू नयेत. दुसरा पर्याय हाताशी असताना साधा दिवस निवडणे आणि पर्यायच नसताना तो वाट्याला येणे, या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पहिलीच होती.

मध्यमा

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून खिडकी यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते. हसल्यानंतर अपराधी वाटणे अत्यंत सर्वसाधारण आहे. शोक पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातो आणि शेवटची पायरी उतरेपर्यंत माणसाने दुःखीच असायला हवे, अशी एक समजूत लोकांत रुजलेली आहे, आणि या अपराधीपणाचे मूळ बहुधा तिच्यात असते. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलेल्या विचारानुसार शोक करणारे मन दोन टोकांमध्ये येरझारा घालत असते. एकदा ते गमावलेल्या माणसाकडे वळते, आठवणींत बुडते, रडते. आणि एकदा ते बदललेल्या आयुष्याकडे, नव्या कामांकडे, विरंगुळ्याकडे वळते. त्यांच्या मते ही ये-जा हेच शोकाचे निरोगी रूप आहे, आणि दुःखापासून अधूनमधून सुट्टी घेणे हा त्याचाच भाग आहे. हसलात म्हणजे वडिलांना विसरलात असे होत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा रडू आले तर तेही त्याच येरझाऱ्यांतले आहे. दिवस वाया गेला असे त्यावरून समजू नये.

आमच्या कामातली आणखी एक पद्धत या धाग्याशी जवळचा संबंध राखते. नैराश्यात माणूस उत्साह येण्याची वाट पाहतो आणि उत्साह आला की बाहेर पडू असे ठरवतो. तो उत्साह येत नाही, कारण बाहेर न पडल्याने मनाला बरे वाटण्याचे सगळे प्रसंगच बंद झालेले असतात. १९७०च्या दशकात पीटर ल्युइनसोन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी हे चक्र उलट बाजूने तोडण्याचा विचार मांडला: आधी कृती ठरवून करायची, वेळ लिहून ठेवायची, आणि मनःस्थितीला मागून येऊ द्यायचे. २०१६ साली इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ही पद्धत विचारांवर काम करणाऱ्या, अधिक खर्चीक उपचारापेक्षा कमी परिणामकारक नसल्याचे आढळले. मित्रांबरोबर ठरवलेला दिवस हा अशा कृतीचा उत्तम नमुना आहे, कारण त्याची वेळ ठरलेली असते आणि कुणीतरी आपली वाट पाहत असते.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मित्रांच्या सहलीवर विसंबून राहू नये. तेव्हा डॉक्टरांकडे जावे. मित्रांनी करायची मदत म्हणजे त्या माणसाबरोबर तिथपर्यंत जाणे.

खिडकी

मध्यमा, मनापासून आभार. येरझाऱ्यांविषयी वाचून पुष्कळ हलके वाटले.

सहप्रवासी

आतापर्यंतची चर्चा दुःखातून जाणाऱ्याच्या बाजूने झाली आहे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझ्या जवळच्या मित्राच्या आयुष्यात फार वाईट काळ येऊन गेला आणि त्याला बाहेर काढण्याचे काम आम्हा दोघातिघांकडे आले. त्यातून जे उमगले ते थोडे विस्ताराने लिहितो, कारण साधे दिवस आपोआप घडत नाहीत. कुणीतरी ते घडवत असतो, आणि ते घडवण्यातच खरी मेख आहे.

कधीही सांग, आपण जाऊ या, हे वाक्य आपण सगळेच म्हणतो आणि त्यात आपल्याला उदार वाटते. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हे नवे काम असते. त्याने दिवस शोधायचा, ठिकाण सुचवायचे, आपल्याला वेळ आहे का हे विचारायचे, आणि आपण त्रास तर देत नाही ना ही शंका गिळायची. थकलेल्या माणसाकडून हे होत नाही, आणि मग तो येत नाही असे आपण म्हणतो. आम्ही जेव्हा अमुक दिवशी सकाळी अमुक वाजता तुझ्या दाराशी येतो, दोन तास चालू, जेवणाच्या वेळेआधी तुला परत सोडू, असे सांगू लागलो, तेव्हा तो येऊ लागला. परतीची वेळ आधी सांगणे सर्वांत उपयोगी ठरले. ज्याची शक्ती मोजकी आहे, त्याला दिवस कुठे संपणार हे माहीत असले की तो निर्धास्तपणे सुरू करता येतो.

बोलावण्यातला संकोच आपल्या बाजूनेही असतो. इतके महिने बोललो नाही, आता अचानक फोन केला तर कसे दिसेल, असे वाटून आपण थांबतो. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेत असे दिसले, की आपण अशी सहज चौकशी केली तर समोरच्याला त्याचे किती अप्रूप वाटेल, याचा अंदाज माणसे सातत्याने कमी करतात. आणि ती चौकशी जितकी अनपेक्षित, तितके तिचे मोल समोरच्याला अधिक वाटते. म्हणजे जो उशीर आपल्याला अडवतो, त्याच उशिरामुळे आपल्या फोनची किंमत वाढलेली असते.

बरोबर असताना काय बोलावे याची चिंताही आम्ही सुरुवातीला फार केली. खरे तर चालताना ती उरत नाही. समोरासमोर बसले की प्रत्येक शांततेला उत्तर द्यावे लागते. शेजारी शेजारी चालताना डोळे रस्त्यावर असतात, शांतता अवघडत नाही, आणि सांगायचे ते माणूस आपल्या वेळेने सांगतो. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकापासून पुरुषांसाठी सामुदायिक कार्यशाळांची चळवळ उभी राहिली, तिचे सूत्रही हेच आहे, की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. केवळ पुरुषांपुरते हे खरे असेल असे मला वाटत नाही.

खिडकी

सहप्रवासी यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडते. आमच्या गटात सुरुवातीला उलट घडत असे. भेटले की प्रत्येकीने आपले दुःख काढायचे आणि तेच ते पुन्हा उगाळायचे. त्या वेळी जवळीक वाटायची, पण घरी येताना मन अधिक जड व्हायचे. नंतर समजले, की अमांडा रोझ यांनी २००२ पासून नेमका याचाच अभ्यास केला आहे. समस्या एकमेकींशी सतत, पुन्हा पुन्हा बोलत राहणाऱ्या किशोरवयीन मुलींची मैत्री घट्ट होत होती, पण त्याबरोबर नैराश्य आणि चिंताही वाढत होती. मला तर त्यात आमच्या पन्नाशीतल्या गटाचेच वर्णन दिसले. आम्ही बोलण्यावर बंदी घातली नाही. फक्त करायला काहीतरी ठेवले, म्हणजे पक्षी पाहणे, चित्रे काढणे, जुन्या वास्तू हिंडणे. हाताला आणि डोळ्यांना काम असले की दुःख सांगून होते आणि मग विषय बदलतोही.

एकांडा

सर्वांचे अनुभव वाचले. थोडा कडवट वाटेल असा प्रश्न विचारतो, त्याबद्दल क्षमस्व. ज्याच्या कठीण काळातच मित्र गळून पडले, त्याने काय करावे? माझ्या बाबतीत काही जण दूर गेले, काहींना मीच दूर केले. या वयात नवे मित्र होत नाहीत, असे आता वाटते.

मध्यमा

एकांडा, आपला प्रश्न कडवट नाही. या धाग्यात तो आधीच यायला हवा होता. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीचे मैत्रीत रूपांतर व्हायला किती वेळ लागतो, हे पाहिले. नुसत्या ओळखीतून वरवरची मैत्री व्हायला साधारण ५० तास, मैत्री म्हणता येईल इथवर पोहोचायला सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक, असा त्यांचा अंदाज होता. कामानिमित्त एकत्र घालवलेल्या तासांचा फारसा उपयोग होत नव्हता. एकत्र हिंडणे, खेळणे, निवांत बसणे यांचा होत होता. लहानपणी हे तास आपल्याला शाळेमुळे आणि मैदानामुळे फुकट मिळतात. मोठेपणी ते मिळत नाहीत, म्हणून वयामुळे मैत्री होत नाही असे वाटते. प्रत्यक्षात तासांचीच तूट असते.

म्हणून माझा सल्ला असा, की मित्र शोधू नये. जिथे तीच माणसे दर आठवड्याला भेटतात अशी जागा शोधावी. चालणाऱ्यांचा गट, वाचनमंडळ, झाडे लावणारे स्वयंसेवक, गायनाचा वर्ग, काहीही चालेल. पहिल्या काही आठवड्यांत परकेपणा वाटणारच, कारण तास अजून भरलेले नसतात.

सहप्रवासी

एकांडा यांना आणखी एक सुचवतो. ज्यांना आपणच दूर केले, त्यांच्यापैकी एखाद्याला दोन ओळींचा निरोप पाठवून पाहा. स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. जुन्या मित्राच्या बाबतीत बरेचसे तास आधीच भरलेले असतात.

नोंदवही

मघाशी अपुऱ्या माहितीवर बोललो, म्हणून आता जरा खात्रीचे लिहितो. हा विषय नवा नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसने इसवी सन पूर्व ३०६च्या सुमारास अथेन्सजवळ एक बाग घेतली आणि मित्रांबरोबर तेथे राहणे, साधे जेवणे आणि बोलणे यांनाच तत्त्वज्ञानाचे रूप दिले. लोक त्याला चैनीचा पुरस्कर्ता समजतात, ते अन्यायाचे आहे; सुखासाठी फार थोडे लागते, आणि त्या थोड्यात मित्र सर्वांत महत्त्वाचे, असे त्याचे म्हणणे होते. मूतखड्याच्या असह्य वेदनांत, आयुष्याच्या शेवटच्या दिवशी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले, की आपल्या पूर्वीच्या संभाषणांच्या आठवणीचा आनंद या सगळ्या वेदनांसमोर उभा आहे.

साधे दिवस येणाऱ्या वाईट काळासाठीही उपयोगी पडतात, ही बाजू चर्चेत अजून आली नव्हती, म्हणून लिहिले.

अर्धविराम

नोंदवही यांचा हा प्रतिसाद आवडला. पायवाट यांनी सुचवलेली कसोटी, म्हणजे नंतरच्या दिवसांत इच्छा परत येतात की आटत जातात हे पाहणे, मला बऱ्याच अंशी मान्य आहे. एक पुरवणी जोडतो. सोबत म्हणजे आपोआप सुख, असे समजू नये. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले, की चांगली चव कुणाबरोबर एकाच वेळी घेतली तर ती अधिक चांगली लागते आणि वाईट चव अधिक वाईट लागते. सोबत अनुभवाला गडद करते, मग तो कसाही असो. म्हणून ज्यांच्याबरोबर दिवस घालवायचा ते कोण आहेत, याचे महत्त्व ठिकाणापेक्षा कितीतरी जास्त आहे. सतत तुलना करणारा, उपदेश देणारा किंवा प्रत्येक क्षणाचे छायाचित्र काढायला लावणारा एक जण बरोबर असला, की टेकडी कितीही सुंदर असली तरी उपयोग नाही.

पायवाट

पूर्ण सहमत, आणि टेकडीवरून एक आठवले. सिमोन श्नाल आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या अभ्यासात मित्र शेजारी उभा असताना लोकांना समोरचा चढ एकट्याने पाहणाऱ्यांपेक्षा कमी उभा वाटला, आणि मैत्री जितकी जुनी तितका तो आणखी सौम्य वाटला. गट लहान होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण ज्यांच्याबरोबर चढ सोपा वाटतो तीच माणसे निवडावीत, एवढे व्यवहारात वापरायला हरकत नाही.

खिडकी

सहप्रवासी, एक शेवटचे विचारते. आमच्यातली एक मैत्रीण दर वेळी हो म्हणते आणि आदल्या रात्री नाही म्हणून कळवते. आम्ही किती वेळा बोलवावे? आग्रह केल्याने तिला त्रास होत असेल का, हेही कळत नाही.

सहप्रवासी

आमच्याकडेही हेच झाले होते. तिने नकार कळवल्यावर बेत रद्द करू नका. उरलेल्यांनी जावे, म्हणजे तिच्यामुळे सगळ्यांचा दिवस बुडाला असे तिला वाटणार नाही. परत आल्यावर तिला कुठे गेलो होतो एवढेच कळवावे. तू यायला हवे होतेस, असे लिहू नये, कारण ते हिशेब मागितल्यासारखे होते. आणि पुढच्या वेळी, काहीच घडले नाही अशा सुरात, पुन्हा दिवस आणि वेळ सांगून बोलवावे. आमचा मित्र कित्येक नकारांनंतर आला. तो का आला, हे आम्ही त्याला अजून विचारलेले नाही. बोलावणेच नको असेल तर तिने तसे सांगावे, याची मोकळीक मात्र तिला एकदा स्पष्ट शब्दांत द्या. आदल्या रात्री नकार कळवते याचा अर्थ तो दिवस तिच्या मनात रात्रीपर्यंत तरी राहतो, असाही लावता येईल.